तात्पुरत्याचा कायमचा उपद्रव

दिवाळीची साफसफाई ही आपल्याकडे एक लहानशी मोहीमच असते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पलंगाखालच्या पेट्या उघडतात, आणि दर वर्षी कोणती ना कोणती वस्तू अशी सापडते की घरातली मंडळी एकमेकांकडे पाहत म्हणतात, "अगंबाई, ही तर तात्पुरती ठेवली होती!" तात्पुरती ठेवलेली वस्तू तीन-तीन वर्षे जागा अडवून बसते याचे कुणाला नवल वाटत नाही. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना तर मुळीच नाही. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये ज्यांनी संसार मांडले त्यांना, किंवा २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी ज्या लातूरकरांनी हंड्यात भरून घेतले त्यांना, 'तात्पुरती सोय' या दोन शब्दांत काय काय मावते हे शब्दकोशात पाहावे लागत नाही.

माझे आजचे भांडण या शब्दाशीच आहे. मात्र ते माळ्यावरच्या डब्यांवरून नसून संगणकातल्या फायलींवरून आहे. चिवड्याची वाटी पुढे घेऊन बसलेल्या वाचकाला संगणकाची कटकट कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात आधार कार्ड आहे, शिकणारे मूल आहे आणि अधूनमधून आजारी पडणारे माणूस आहे, त्या प्रत्येक घराची ही कटकट आहे. नाइलाज आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्याच्या उद्योगाला लागलो होतो. निवृत्त मास्तराने दर वर्षी आपण अद्याप जिवंत असल्याचा पुरावा सरकारदरबारी द्यावयाचा असतो, आणि माझ्या वयाला तो देण्यात एक प्रकारचा अभिमानही वाटतो. नांदेडला आमच्या घराजवळ एक दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वेचे तिकीट, लॅमिनेशन, सारे एका आठ फुटी गाळ्यात. चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. छापायचा कागद मी घरूनच त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दुकानात ही गर्दी! तो म्हणाला, "सर, तुम्हीच काढा की. तिथंच पडलंय बघा."

मी खुर्चीवर बसलो आणि डाउनलोड्सचे दालन उघडले. 'स्कॅन ००१', 'डॉक्युमेंट १', 'डॉक्युमेंट १ ची प्रत', अशा शेकडो फायली एकीखाली एक. माझी समजून मी एक उघडली. ती माझी नव्हती. तो एका प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल होता आणि वर नाव होते आमच्याच गल्लीतल्या एका बाईंचे.

आजार कोणता ते मी येथे लिहिणार नाही. घरीही बोललेलो नाही. त्या बाईंनी तो आपल्या माणसांनाही कळू दिलेला नाही, एवढे मात्र त्यांच्या घरातल्या गप्पांवरून मला उमगले आहे. रोज सकाळी त्या दूध घ्यायला निघतात, "काय सर, बरं हाय ना?" म्हणून हसून विचारतात, आणि मी चोरासारखी मान हलवतो. मी काही चोरले नव्हते. पण जे मला ठाऊक असायला नको ते ठाऊक झाले, आणि माझ्या डोक्यातून ते पुसण्याचे बटन कोणत्याही कंपनीने काढलेले नाही.

आता दोष कुणाचा? ही हकीगत मी दोन-चार सुशिक्षित गृहस्थांना नावगाव गाळून सांगितली. सर्वांचा निकाल एकमुखी: बाईंचा! त्यांनी काम झाल्यावर फाइल पुसून घ्यायला हवी होती. एका गृहस्थांनी त्यात दुकानदार पोरालाही ओढले. "लोकांना शिस्तच नाही हो," म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला.

हे तत्त्वज्ञान केवळ आमच्या कट्ट्यावर नांदत नाही, ते थेट सरकारी कागदावर पोहोचले आहे. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बंगळूर येथील विभागीय कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक पत्रक काढले. आधारचा कागद उतरवून घेण्यासाठी नेट कॅफेतला सार्वजनिक संगणक वापरू नका, आणि वापरलाच तर उतरवलेल्या सर्व प्रती त्या यंत्रावरून कायमच्या पुसा, असे त्यात म्हटले होते. लोक घाबरले. दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, सरकारने ते पत्रक मागे घेतले. त्याचा भलता अर्थ लावला जाईल, नागरिकांनी आपली नेहमीची सावधगिरी बाळगली म्हणजे पुरे, असा खुलासा झाला. माझे म्हणणे असे की पत्रकातला पहिला सल्ला खरा होता, दुसरा अशक्य होता, आणि खुलासा तर दोन्हींहून पोकळ होता. कंधारहून एस.टी.ने आलेल्या आजीबाईंनी, पाठीमागे दहा माणसांची रांग असताना, परक्याच्या यंत्रावरून आपली फाइल 'कायमची' पुसायची! ती कशी पुसतात हे पत्रक काढणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता आले असते?

कारण पुसायचे म्हणजे नेमके काय काय पुसायचे, हे आधी पाहा. समजा त्या आजीबाईंना एक दाखला संकेतस्थळावर चढवायचा आहे. व्हॉट्सॲपवरून आला ती एक प्रत. फाइल अमुक केबीच्या आत हवी म्हणून तिला आवळले, ती दुसरी. दोन पाने जोडून एक केली, ती तिसरी. जोडणाऱ्या प्रोग्रामने काम चालू असताना आपल्यापुरती काढून ठेवलेली चौथी. यादीत दिसावे म्हणून काढलेले चिमुकले चित्र, ते निराळेच. छापायला पाठवली की छपाईच्या रांगेत आणखी एक. ती छापून झाल्यावर आपोआप जाते खरी, पण 'छापलेले कागद ठेवा' अशी एक चौकट तेथे असते, तिच्यावर कुणी कधी टिचकी मारून ठेवली असेल तर तीही राहते. आजीबाईंनी एक कागद आणला आणि दुकानात त्याची सहा पिल्ले झाली. त्यांतले एक त्यांना दिसले. बाकीची कारभाऱ्याच्या ताब्यात.

हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. माझे भांडण त्याच्याशी, म्हणजे त्याला घडवणाऱ्यांशी आहे. आणि त्यांना मी अज्ञानाचा फायदा देऊ शकत नाही, कारण तात्पुरती फाइल सुरक्षित कशी ठेवावी हे या मंडळींना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

हे पाठ्यपुस्तकी वाटेल, पण थोडे ऐकाच. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात तात्पुरत्या फायलींसाठी एक सामाईक जागा होती, 'टेम्प' नावाची. कुणीही यावे, काहीही ठेवावे. वापरणारे मोजके सहकारी, एकमेकांना ओळखणारे. गावाच्या धर्मशाळेला कुलूप नसावे तसेच ते होते, आणि त्या काळी त्यात काही गैर नव्हते. पुढे यंत्रे विद्यापीठांत गेली, अनोळखी माणसे एकाच यंत्रावर नांदू लागली, आणि धर्मशाळेतल्या वळकट्या चोरीस जाऊ लागल्या. १९८६ सालच्या बर्कलेच्या आवृत्तीत तिथे नियम आला की ज्याची फाइल त्यानेच ती काढावी, दुसऱ्याने हात लावू नये. ठीक झाले. पण खरी मेख पुढेच होती.

ती मेख लातूरकरांना मी एका वाक्यात समजावून देऊ शकतो. टँकरच्या रांगेत आपण घागर ठेवतो आणि घरी जातो. घागर आपला नंबर धरते. २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता, तेव्हा या रांगेची किंमत लातुरात कुणाला शिकवायला नको. आता कल्पना करा, तुम्ही रांगेत एक मोकळी जागा पाहिली, घागर आणायला घरी गेलात, आणि तेवढ्यात कुणी त्या जागी हुबेहूब तुमच्यासारखी पण बुडाला नळी लावलेली घागर ठेवली. तुम्ही परत येऊन तीत पाणी ओतता आणि ते जाते त्याच्या हौदात. किंवा त्याला खोडीच काढायची असेल तर तिसऱ्याच्याच धान्याच्या कणगीत.

जुने प्रोग्राम नेमके असेच करीत. अमुक नावाची फाइल टेम्पमध्ये आहे का, असे विचारायचे. नाही असे उत्तर आले की मग ती बनवायची. विचारणे आणि बनवणे यांच्यामध्ये क्षणाचा अवकाश, आणि नावही असे की कुणालाही आधी ताडता यावे. चोर त्या क्षणात तेथे दुसरीकडे वळवणारी खोटी पाटी लावून मोकळा. प्रोग्राम जर यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चाललेला असेल तर तो बिचारा मालकाच्याच महत्त्वाच्या फायलीवर जाऊन शाई ओतायचा.

यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे. नाव ठरवणे आणि जागा ताब्यात घेणे ही दोन्ही कामे एका दमात करायची. जागा आधीच कुणी धरली असेल तर सरळ नकार द्यायचा. नाव कुणाला ताडता येणार नाही असे ठेवायचे. आणि वाचण्या-लिहिण्याचा हक्क बनवणाऱ्याखेरीज कुणाला द्यायचा नाही. 'एमकेटेम्प' हे जुने साधन आणि 'एमकेस्टेम्प' हे नवे. फरक एका अक्षराचा. जुने कुणी वापरले तर 'हे धोक्याचे आहे' म्हणून प्रोग्राम जुळवणारे साधनच आज बजावते. याहून एक पाऊल पुढची युक्तीही जुनीच आहे: फाइल उघडताच तिचे नाव पुसून टाकायचे. काम करणाऱ्याच्या हाती ती राहते, पण नावाने हाक मारून दुसऱ्या कुणाला सापडत नाही, आणि हात सुटला की नाहीशी होते. काम मध्येच कोसळले तरी मागे बेवारस काही उरत नाही. ही गोष्ट ज्यांच्याकडे वीज न सांगता जाते त्यांच्या किती कामाची! २०१३ साली लिनक्सच्या ३.११ या आवृत्तीत तर जन्मतःच बिननावाची फाइल बनवण्याची सोय आली.

आमच्या नांदेडात हीच अक्कल संगणकाशिवाय नांदते. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात चपला देऊन पाहा. सेवा करणारा माणूस चपला घेतो आणि त्याच क्षणी बिल्ला हातात ठेवतो. आधी बिल्ला, मग 'ठेवा तिथं कोपऱ्यात' असा कारभार नाही. तुमचा कप्पा तुमच्यापुरता. परत आलात, बिल्ला दिलात, कप्पा रिकामा. पुढच्या यात्रेकरूला मागच्याच्या चपला पाहायला मिळत नाहीत. आत येणाऱ्याने आपल्या जोड्यांची काळजी वाहू नये म्हणून ही व्यवस्था आहे. तेथे कुणी 'नेहमीची सावधगिरी बाळगा' अशी पाटी लावून सेवेतून मोकळा झालेला मी पाहिला नाही.

मग ज्ञान आहे, साधने आहेत, तर आमच्या गल्लीतल्या बाईंचा अहवाल उघड्यावर का पडला? मला वाटते येथे एक मूळचीच चूक आहे, आणि ती मोठमोठ्या विद्वानांच्या नजरेतून सुटली आहे. कारभाऱ्याच्या सगळ्या भिंती खात्याभोवती बांधलेल्या आहेत. एका खात्यातल्या तात्पुरत्या फायली दुसऱ्या खात्याला दिसत नाहीत; विंडोजमध्येही प्रत्येक खात्याचे टेम्प निराळे असते. भिंत पक्की आहे. पण एक माणूस म्हणजे एक खाते, हे ज्या देशांत ज्याचे त्याचे यंत्र असते तिथले गृहीत आहे. आमच्याकडे एका खात्यावर दिवसभरात सारी गल्ली बसून जाते. भिंत गावाभोवती आणि घरांना दारेच नाहीत!

हे लातुरात जाऊन पाहावे. माझी नात तेथे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करीत होती. लातूर पॅटर्नचा लौकिक ऐकून जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले तेथे येतात, खोल्या घेऊन राहतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत औसा रोडपासून गंजगोलाईपर्यंतच्या अशा दुकानांपुढे पालकांच्या रांगा लागतात. गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, आधार, फोटो, सही. नातीचा फोटो चढवण्यासाठी एका दुकानात यादी उघडली तर समोर अनोळखी मुलींच्या फोटोंची ओळ. काहींच्या शेजारी आधार, त्यावर घरचा पत्ता. नात हळूच म्हणाली, "आबा, माझा पण असाच दिसत असेल ना पुढच्याला?" सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचले. खाते म्हणजे माणूस असे मानून चालणाऱ्यांना ते का सुचू नये?

'अहो, पुसण्याची सोय आहे ना,' म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, पुसणे म्हणजे बहुधा फक्त नाव पुसणे; मजकूर तसाच राहतो, वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. हल्लीच्या चकत्यांविना चालणाऱ्या साठवणीत तर वरून लिहिले तरी ते जुन्याच जागी पडेल याची खात्री नाही, कारण झीज सारखी व्हावी म्हणून यंत्र जागा बदलत असते. म्हणून शहाणा उपाय असा की तात्पुरते सगळे कुलूपबंद लिपीत लिहायचे आणि काम संपताच किल्ली नष्ट करायची. किंवा ते मुळात चकतीवर न लिहिता वीज गेली की विसरणाऱ्या स्मृतीतच ठेवायचे, आणि त्या स्मृतीचा जो भाग गर्दीच्या वेळी चकतीवर सांडतो तोही कुलपात ठेवायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने टेम्प स्मृतीत नेले, आणि नव्या बसवणीत तेथले दहा दिवसांपूर्वीचे आपोआप झाडूनही टाकले जाते. म्हणजे होते हे! दुसरी गोष्ट, विंडोजमधल्या आपोआप झाडलोटीत डाउनलोड्सच्या दालनापुढे मूळ नेमणूक 'कधीच नाही' अशी असते. ज्याला हवे त्याने ती बदलावी. ही मूळ नेमणूक ठरवणारा माणूस काही कंधारच्या आजीबाई नव्हे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीचा कायदा झाला, आणि हेतू संपल्यावर माहिती पुसावी हे त्यातही आहे. फार चांगले. पण कायदा दुकानदाराकडे बोट दाखवील आणि दुकानदार यंत्राकडे. तो पोरगा रात्री शटर ओढण्यापूर्वी दिवसभराची सहा-सहा पिल्ले हुडकीत बसेल अशी कुणाची कल्पना असेल तर त्याने एक दिवस त्या आठ फुटी गाळ्यात काढावा.

माझ्याविरुद्ध एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मला त्या पोरानेच सांगितला. "सर, लोकच म्हणतात राहू दे. पुढच्या वेळी कागद आणायला नको." हे मी कानांनी ऐकले आहे. मुखेडकडचा एक शेतकरी माझ्यासमोर म्हणाला, "ठिव बाबा तुझ्यापाशीच, घरी उंदरं खात्यात." त्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. त्याला कागद जपून ठेवणारे कुणीतरी हवे आहे आणि त्या यंत्रावर त्याचा विश्वास आहे. पण जपणे हे काम वेगळे आणि तात्पुरते ठेवणे हे वेगळे. जपायला २०१५ पासून सरकारचे डिजिलॉकर आहे, त्याला त्याची स्वतःची किल्ली आहे. कोठीघर आणि परात यांतला भेद आपल्या घरातल्या पोरीबाळींनाही कळतो. कणीक भिजवलेली परात कुणी वर्षभर ओट्यावर ठेवीत नाही. यंत्राने हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाला वेगवेगळे विचारावेत, आणि काहीच उत्तर आले नाही तर परात धुवावी.

नुसते भांडून काय, म्हणून एका रविवारी मी त्या पोराबरोबर बसलो. गिऱ्हाईक उठले की त्याचे खातेच मिटवून टाकण्याची सोय त्याच्या यंत्रावरच्या व्यवस्थेत आहे, पण महागड्या आवृत्तीत, त्याच्याकडे घरगुती. शेवटी एका जुन्या यंत्रावर लिनक्स बसवले, पाहुण्याचे खाते केले आणि त्याचे सारे घर स्मृतीत मांडले. खाते बंद केले की घर साफ. छपाईयंत्र त्याला ओळखीना, त्यात दुपार गेली. संध्याकाळी ते चालले तेव्हा दोघांनी मिळून चहा घेतला. त्या बाईंचा अहवाल, आणि त्याच्याबरोबर जुन्या यंत्रावरचे बाकीचे ढिगार, त्याने माझ्यासमोर काढून टाकले. मी त्याला काय होते ते सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही.

मंगळवारी त्याचा फोन आला. "सर, एका काकांचा फॉर्म भरता भरता लाइट गेली. समदं गेलं. लई चिडले. म्हणले, तुझ्या शेजारच्या दुकानात तर राहतंय."

मी विचारले, "मग?"

"मग काय, पुन्हा भरून दिला. पैसे नाही घेतले. सर, त्यांच्या काटकुळ्या बॅटरीचा डबा बसवू का यंत्राला? दोन-अडीच हजार जातील."

बसव म्हणालो. निम्मे माझ्या पेन्शनीतून देतो म्हणालो. हयातीचा दाखला त्याच्याच दुकानातून गेला होता, तेव्हा पेन्शन तूर्त चालू आहे.